दुकानाच्या पानावरचं हसू

एकदा एक कापडव्यापारी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला, केतकीला, घेऊन एका वृद्ध तबलागुरूंच्या दारात आला. लहानपणी तो त्यांच्याकडेच शिकला होता. मुलीच्या हातात कपड्यांनी गच्च भरलेली बॅग होती.

ओसरीवर गुरुजींची शिष्या तबला सुरात लावत बसली होती. कॉलेज नुकतंच संपवलेली, जिभेने तिखट, आणि वडीलधाऱ्यांच्या उपदेशाचा मनस्वी तिटकारा असलेली. बॅग पाहताच तिने ओळखलं, आज एक प्रवचन ऐकावं लागणार.

"गुरुजी, हिला वसतिगृहात टाकतोय," व्यापारी म्हणाला. "संध्याकाळची गाडी आहे. त्याआधी तुम्ही चार शब्द सुनावा. माझं तर ऐकत नाही."

"काय केलं तिने?"

"खोट्या नावाने खातं उघडलं. वर्गात मंजिरी म्हणून एक मुलगी आहे, बोलताना अडखळते. तिच्या भाषणाचा हिने गुपचूप व्हिडिओ काढला, विनोदी संगीत लावलं आणि दिला टाकून. गावभर हसले लोक. ती पोर आता शाळेत यायला तयार नाही. आणि ही? फोन काढून घेतला तरी माफीचा शब्द नाही!"

शिष्येने केतकीकडे रागाने पाहिलं. केतकी बॅगेच्या चेनची उघडझाप करत होती.

गुरुजींनी व्यापाऱ्यापुढे हात पसरला. "तुझा फोन दे."

"माझा?"

"तुझाच."

तो फोन त्यांनी केतकीच्या हातात ठेवला. "बाळ, यातून तुझं जे जे लोकांना दाखवलंय आणि तुला नको आहे, ते पुसून टाक."

शिष्येला राहवेना. "गुरुजी, आणि मंजिरीचं काय? शिक्षा राहिली बाजूला, वर हिच्याच हातात फोन?"

"तू तबला लाव," गुरुजी शांतपणे म्हणाले.

केतकीने दुकानाचं सोशल मीडियावरचं पान उघडलं. शिष्येने वाकून पाहिलं. साड्यांच्या फोटोंमध्ये केतकीच केतकी होती. स्नेहसंमेलनात नाच विसरून गोंधळलेली. दातांना तारा बसवल्यावर बोबडं बोलणारी. गणितात नापास झाल्यावर उशीत तोंड खुपसून रडणारी. त्याखाली लिहिलं होतं, 'आमच्या बाईसाहेबांचा महापूर! आणि हो, पैठण्यांवर सूट.'

या शेवटच्या व्हिडिओपाशी केतकीचं बोट थांबलं. "बाबा, हा टाकू नका म्हणून मी तुमच्या पाया पडले होते."

"अगं, गंमत होती ती. गिऱ्हाइकांना आवडतं. दुकानाचं नाव..." व्यापारी बोलता बोलता अडखळला. फोनमधून संगीत वाजत होतं. "हेच लावलं होतंस ना मंजिरीला?"

"हो. हे लावलं की सगळे हसतात."

व्यापारी पायरीवर मटकन बसला. "चुकलं गं माझं," तो म्हणाला.

तेव्हा कुठे केतकी रडू लागली. "मंजिरीपण अशीच रडली असेल ना, बाबा? माझा फोन द्या. तो व्हिडिओ काढते, खातं बंद करते. मग तिच्या घरी जाऊ."

"जाऊ. मी बोलतो तिच्या आईवडिलांशी."

"नको, मी बोलते. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा."

व्यापाऱ्याने बॅग उचलली.

"आणि संध्याकाळची गाडी?" शिष्येने मुद्दामच विचारलं.

"जाऊ दे एक जागा रिकामी," तो म्हणाला. जणू डोक्यावरचं मोठं ओझं उतरावं, तसा तो हसला.

दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत शिष्या पाहत राहिली. "गुरुजी, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"सूनबाई त्याच्या दुकानाचं पान मला रोज दाखवते. तबल्याची एक कड बेसूर लागली, की तू काय करतेस?"

"समोरची कडही तपासते. तिथला ताण चुकला असेल, तर इथे कितीही ठोका, व्यर्थ."

"केतकीचा अपराध तिचाच. तो तिलाच निस्तरावा लागेल. पण जिचं रडणं तिच्या बापानेच बाजारात मांडलं, तिला दुसरीचं रडणं कुठून ऐकू येणार? आज तिचं कुणीतरी ऐकलं, म्हणून तिला मंजिरी आठवली."

शिष्येने हातोडी उचलली. "म्हणजे मोठ्यांवरही ही चालवायची तर!"

"चालव," गुरुजी हसून म्हणाले. "पण हळू. आम्ही लवकर फुटतो."

मुलांचा फोन हिसकावण्यापूर्वी एकदा आपलाही उघडून पाहावा.