रेमेतच्या वशाची कहाणी

ऐका येशूबाळा, तुझ्या वर्षाची कहाणी. खाडीच्या अलीकडे आटपाट गाव होतं. गावात केळीच्या वाड्या, मधोमध देऊळ, देवळाला लागून रेमेतचं घर. रेमेत विधवा. तिला एकुलती एक लेक, तिचं नाव कत्रीन. लेक वयात आली. खाडीपलीकडच्या दुमिंग कोळ्यावर तिचं मन बसलं. रेमेत म्हणाली, "आपण वाडीवाले, ते मासळीवाले. तिकडं गेलीस तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको." लेक हट्टी, आईचीच ना! पलीकडच्या देवळात लग्न लावून मोकळी झाली.

मग रेमेतला घर खायला उठलं. ती फादरांकडं गेली. "फादर, जिवाला चैन नाही. एखादा वसा सांगा." फादर म्हातारे, कमी बोलणारे. म्हणाले, "वर्षाचा वसा घे. आगमनकाळी वाट पाहावी, नाताळी जागा करावी, उपासकाळी मन मऊ करावं. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये." रेमेतनं ऐकलं, पण अर्ध्या कानानं ऐकलं हो!

आगमनकाळ आला, नाताळाआधीचे चार रविवार. रेमेतनं चार मेणबत्त्या मांडल्या, पहिली लावली, पुढ्यात बसली. तोच कत्रीन दारात आली. तिला पाचवा महिना. "आई, तुझ्या हातचं अळू खावंसं वाटतंय गं." रेमेतनं ओठांवर बोट ठेवलं, मेणबत्ती दाखवली. मौन आहे म्हणे! लेक माघारी गेली.

मग नाताळ आला. रेमेतनं ओटीवर येशूजन्माचा गोठा मांडला. गवत, रेती, मातीची मेंढरं. सगळं गाव बघायला लोटलं. कत्रीनही आली. "आई, पाय भरून आलेत. घडीभर ओटीवर टेकू?" रेमेत म्हणाली, "बघतेस ना गोठा? इथं तीळ ठेवायला जागा नाही." काय म्हणावं बायांनो! मातीच्या मरियेला गवताची गादी, आणि पोटच्या पोरीला रस्ता! लेक माघारी गेली.

मग राखेचा बुधवार आला. रेमेत कपाळाला राख लावून देवळातून उतरली. पायरीवर कत्रीन उभी. "आई, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. येऊ का?" रेमेत म्हणाली, "माझे चाळीस दिवस उपास. घरात डिंक-तूप शिजवून वसा बाटवू होय?" कत्रीननं डोळे पुसले. म्हणाली, "आता नाही हो विचारायची." तिसऱ्यांदा माघारी गेली.

रेमेतनं उपास कडक केले. मन मात्र दगडच राहिलं.

मग शुभ शुक्रवार आला, येशूच्या क्रुसावरच्या मरणाचा दिवस. दुपारची वेळ. देवळात बाया एकेक करून क्रुसाचं चुंबन घेत होत्या. रेमेतची पाळी आली. इतक्यात दुमिंग धापा टाकत दारात आला. "आई, कत्रीन सकाळपासून अडलीय. तुमचंच नाव घेतेय हो." रेमेतनं क्रुसाकडं पाहिलं. मनात म्हणाली, "लेकराचे हाल होताना मरियामाता हलली नाही जागची. आणि मी मेली तीनदा पाठ फिरवली!" ती रांगेतून निघाली. मागून बाया कुजबुजल्या, "अगंबाई, रेमेतनं वसा मोडला!" रेमेत म्हणाली, "मोडू दे!"

खाडीला ओहोटी. होडी हलेना. मग ती गुडघाभर चिखलातून चालत निघाली. दुमिंगच्या दारात पोचली आणि तिथंच थबकली. पाऊल उचलेना. आतून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. दुमिंगची आई आंजेलबाय बाहेर आली. रेमेत म्हणाली, "विहीणबाई, कोणत्या तोंडानं विचारू? आत येऊ द्याल?" आंजेलबाय म्हणाली, "अहो, सकाळपासून वाट बघतेय तुमची. लेकीच्या उशाशी चटई टाकून ठेवलीय." बोलता बोलता तिनं तांब्या आणला, खाली बसली, विहिणीच्या पायांचा चिखल आपल्या हातानं धुतला. रेमेत ढसाढसा रडली.

तिन्हीसांजेला कत्रीन बाळंत झाली. मुलगी झाली. पण कत्रीनला ताप भरला, शुद्ध हरपली. शनिवार गेला, ती बोलेना. दोघी विहिणी पाळीपाळीनं कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसल्या. रेमेत म्हणत होती, "देवा, पोर तेवढी राख."

पास्खाच्या रविवारी, येशू पुन्हा उठला त्या दिवशी, उजाडलं. दोन्ही काठांवरच्या देवळांत घंटा झाल्या. कत्रीनचा ताप उतरला, तिनं डोळे उघडले. "आई, तू? आत कशी आलीस?"

रेमेत म्हणाली, "तुझ्या सासूनं घेतलं गं. मी तुला तीनदा माघारी धाडलं. हिनं मला एकदाही नाही धाडलं."

 कत्रीननं कुशीतलं बाळ उचललं नि आईच्या ओटीत घातलं.

जशी रेमेतला लेक परत मिळाली, तशी तुम्हांआम्हांला आपली दुरावलेली माणसं मिळोत. ऐकणारीच्या, सांगणारीच्या दारातून कुणी माघारी न जावो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, आमेन म्हणा, सुफळ संपूर्ण झाली.