कुसाळ घाटाची चांगुणा

फार मागची गोष्ट. गोऱ्यांचा अंमल अजून नवा होता आणि कुसाळ घाटात जकातीचा नाका होता. खालून मीठ घेऊन कोणी वर निघालं की नाकेदार पाटीत हात घालायचा, आणि तोही पार कोपरापर्यंत. वरच्या गावांत पोचेतो पाटी निम्मी व्हायची. लोक अळणी कण्या गिळायचे आणि गप्प बसायचे. मेल्यांना संताप म्हणून यायचा नाही.

चांगुणेला यायचा. ती खाडीकाठची आगरीण, मिठागरात राबणारी, नवरा गेलेली. एकदा नाकेदारानं पाटीत हात घातला तसा तिनं तो धरला.

"मीठ माझं, डोकं माझं, घाट देवानं केलेला. मधे तू कोण?"

नाकेदारानं तिची अख्खी पाटी नदीत ओतली. असं म्हणतात, तीन दिवस नाक्याजवळचं पाणी खारट झालं आणि नाक्यावरची माणसं तहानेनं तडफडली. बरी खोड मोडली!

मग तिनं सरकारकडे अर्ज करायचं ठरवलं. माल मोकळा जाऊ द्या, नाका उठवा, एवढंच मागणं. त्यासाठी ती अनवाणी चौऱ्याऐंशी गावं फिरली. तेव्हा लिहिता न येणारी माणसं सहीच्या जागी निशाणी काढत. शेतकरी नांगर काढी, बायका बांगडी काढत. असं म्हणतात, कागदाला कागद चिकटवत गेले तेव्हा तो अर्ज नाक्यापासून खाडीपर्यंत पोचला.

शेवटी चांगुणा स्वतःची निशाणी काढायला बसली, तर अर्ज लिहिणाऱ्या कारकुनानं कागदच ओढून घेतला.

"विधवेची कसली बांगडी? अपशकून होईल. असला अर्ज मी पुढे पाठवायचा नाही."

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. पण नाका उठायला हवा होता. "राहू दे माझी," एवढंच म्हणाली आणि दातओठ खात उठली.

नाका उठला. त्याची आठवण म्हणून घाटात दगड बसला तो मात्र गावच्या खोताच्या नावाचा. सही करायला महिनाभर टाळाटाळ करणारा हा खोत, पण त्याची सही सगळ्यात वर होती ना! चांगुणेचं नाव कागदावरच नव्हतं. आजही हे सांगताना तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या दगडाकडे कुसाळात कोणी ढुंकून बघत नाही. पण दर सोमवारी तिथे बाजार भरतो, आणि पहिली बोहनी विधवा बाईच्या हातची झाल्याशिवाय कोणी तराजू उचलत नाही. एखाद्या नवख्या व्यापाऱ्यानं नाक मुरडलंच, तर म्हाताऱ्या त्याला सांगतात, "हा चांगुणेचा बाजार आहे. पटत नसेल तर उचल तुझी पाटी."