शेंगांची एकच रास

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांशी बोलत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, वीरभानू नावाचा राजा होता. शूर होता, दानी होता. फक्त बारकाव्याचा त्याला कंटाळा. त्याच्या शौर्याचं मला काही सांगू नका; माझा राग आहे तो त्या कंटाळ्यावर.

डोंगरातल्या बायका दर साली रानशेंगा वेचून राजाच्या कोठारात आणत. पोती तीन. एकात रानमूग, पोटाला. दुसऱ्यात रानउडीद, बाळंतिणीला. तिसऱ्यात कडमूग, सात पाण्यांत उकळला तर सांधेदुखीवर औषध, नाही उकळला तर दातखीळ. तिघांची वेल सारखी, पानं तीन-तीन, फूल पिवळं. वेचताना बायकांच्या कमरेचा काटा ढिला होई, पण एक दाणा भलत्या पोत्यात जात नसे.

एके साली राजा स्वतः कोठारात आला.

"तीन पोती कशाला? शेंग ती शेंग. ओता एका राशीत."

गवरा नावाची वेचणारीण पुढे झाली. "महाराज, तिसरी निराळी आहे. घात होईल."

"बाई, राजाला शिकवू नये."

आणि त्याने स्वतःच्या हाताने पहिलं पोतं उपडं केलं. आठ दिवसांत त्या राशीतलं वरण खाऊन अकरा जणांची दातखीळ बसली. राजा म्हणाला, हवा बदलली असेल. हवा म्हणे!

त्या वेली डोंगरावर लावल्या होत्या कंदला नावाच्या चेटकिणीने. ती भर दरबारात उभी राहिली. "राजा, तुला वेगळं ओळखता येत नाही. मग कुणालाच येऊ नये. ज्याने मिसळलं तो निवडेल, तेव्हाच शाप सुटेल." एवढं बोलून ती निघून गेली.

त्या क्षणी राज्यातल्या सगळ्या मुलींचा एकच चेहरा झाला. उंची एक, आवाज एक, तीळ आणि वण पुसलेले. नाव विचारावं तर प्रत्येकीच्या तोंडून एकच शब्द येई, "मी." चेटकिणीचंही मला पटलेलं नाही. चूक राजाची आणि भोगायचं आयांनी, हा कुठला न्याय?

राजाने सगळ्या मुली कोठारापुढच्या अंगणात आणवल्या आणि हुकूम सोडला, "ज्या घरातल्या जितक्या, तितक्या वाटून द्या. पोर ती पोर."

गवराची बायजा त्या गर्दीत होती. नऊ वर्षं कुशीत घेऊन झोपवलेली पोर, आणि आता समोर असून सापडत नव्हती. गवरा राजासमोर गेली.

"महाराज, तुमची हेमकलाही यातच आहे. घ्या कुठलीही एक आणि जा महालात."

राजाने हात पुढे केला, पण कुणाच्याही खांद्यावर ठेववेना. मग वळला आणि राशीपुढे खाली बसला.

कोठारापुढच्या लिंबावरचा तांबट पक्षी म्हणाला, "निवड तीन टप्प्यांत आहे. चुकलास तर निवडलेलं सगळं परत राशीत जाईल."

"गवरा, तू निवड. तुला येतं."

"येतं. पण मिसळलं तुम्ही. खुणा सांगेन, बोट लावणार नाही."

पहिला टप्पा शेंगेचा. गवरा म्हणाली, "उडदाची शेंग आखूड, अंगावर लांब केस. बाकी दोघांची लांब. बोटाने बघा, डोळ्याने नको." राजाने घाईघाईत चार सुपं भरली. तांबट टुक टुक करून म्हणाला, "चूक." चारही सुपांतल्या शेंगा घरंगळत राशीत गेल्या. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी राजाने बोटातल्या अंगठ्या काढून ठेवल्या, तेव्हा कुठे केस हाताला लागले.

दुसरा टप्पा दाण्याचा. शेंगा फोडून मांडताना उडीद उडून बाकीच्यांच्या उघड्या शेंगांत पडले होते. "उडदाच्या डोळ्याला उचललेली कड असते. मुगाचा डोळा सपाट." राजा उन्हात दाणा दाणा नखावर धरून बसला. जेवण आलं, तसंच परत गेलं.

तिसरा टप्पा मूग आणि कडमूग. इथे शेंग उपयोगी नाही, दाणाही नाही. "पेरून बघा. मुगाचा कोंब दाण्याची दोन्ही दळं घेऊन मातीवर येतो. कडमूग आपली दळं मातीतच ठेवतो." राजाने राहिलेल्या प्रत्येक शेंगेतला एकेक दाणा कुंड्यांत पेरला, शेजारी ती शेंग ठेवली आणि वाट पाहिली. वाट पाहणं त्याला आयुष्यात पहिल्यांदा करावं लागत होतं. पाचव्या दिवशी कोंब आले आणि त्याने एकही शेंग चुकवली नाही.

रास संपली, तरी चेहरे तेच. गवराच्या तोंडचं पाणी पळालं.

तांबट म्हणाला, "अजून एक दाणा राहिला. राजा, तुझी मुलगी कोणती?"

अंगणात रिकाम्या शेंगांचा ढीग होता, मुली त्याच्याशी खेळत होत्या. एक पोर शेंग ओढत नव्हती, वेचणारणीसारखा नखाने देठ खुडत होती. गवरा धावली आणि तिला पोटाशी धरलं. "ही माझी. हे मी शिकवलंय हिला."

राजा एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. हेमकला कशी हसते, कशी बसते, काय खाते, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं.

"मला माहीत नाही," राजा म्हणाला. "मी कधी बघितलंच नाही."

"निवडलास शेवटचा दाणा, स्वतःची चूक," तांबट म्हणाला, आणि सगळ्या मुलींचे चेहरे परतले. तीळ आले, वण आले, बायजाच्या पडलेल्या दाताची फटही दिसू लागली. दातखीळ बसलेले अकरा जण बोलू लागले. राजापुढे हातभर अंतरावर त्याची मुलगी उभी होती, संतापाने लाल.

"पाच दिवस कुंड्यांना पाणी मी घालत होते, बाबा."

राजाने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. त्या सालापासून कोठारात तीन कणग्या झाल्या आणि शेंगा निवडायला राजा स्वतः बसू लागला. हेमकला समोर बसे. राजा रोज तिला तिच्याबद्दल एक गोष्ट विचारी, आणि ती मनात आलं तरच उत्तर देई.