मुखियाला बसवून ठेवणारं उत्तर

फार पूर्वी आफ्रिकेतल्या एका मोठ्या नदीच्या काठी एक गाव होतं. तिथे नुसता हात हलवून कुणी पुढे जात नसे. दोन माणसं भेटली की खाली टेकायची आणि विचारपूस सुरू व्हायची. "घर बरं? गुरं बरी? बाजरी बरी? जीव बरा?" समोरच्याने म्हणायचं, "बरं." आणि जोवर तो "बरं" म्हणत नाही, तोवर विचारणाऱ्याने जागचं उठायचं नाही, अशी रीत होती.

झालं काय, सगळ्यांनाच कामाची घाई. म्हणून जो तो पटापट "बरं, बरं" म्हणून समोरच्याला मोकळं करायचा. तापाने फणफणलेला माणूससुद्धा कण्हत कण्हत "बरं"च म्हणे.

त्या गावात सिरा नावाची कुंभारीण होती. तिची जुळी बहीण वारली आणि तिने मातीला हात लावणंच सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसे. चूलही पेटवत नसे.

गावची म्हातारी मंडळी गोरखचिंचेच्या सावलीत जमली. मुखिया म्हणाला, "तिला नदीपलीकडच्या झोपडीत एकटीला ठेवा. तिची उदासी गावाला लागायला नको."

"दुःख म्हणजे काय खरूज आहे, आजोबा?"

ही नफी, सिराची शेजारीण. वयाने लहान, जिभेने तिखट.

"पोरी, आम्ही रोज विचारतो तिला. ती 'बरं' म्हणते. आणखी काय करायचं आम्ही?"

"तिच्या तोंडाकडे बघायचं!"

"उद्या सकाळी होडी सुटेल," मुखियाने सांगितलं आणि सभा उठली.

नफी तणतणत सिराकडे गेली. "सिराताई, तू 'बरं' का म्हणतेस गं?"

"मग काय म्हणू? विचारतानाच त्यांचा एक पाय उचललेला असतो."

"असू दे. उद्या खरं सांग."

"आणि हसले तर?"

"हसणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे."

सकाळी मुखिया आला, सिरापुढे टेकला आणि एका दमात म्हणाला, "घर बरं, गुरं बरी, जीव बरा?" उत्तराआधीच तो अर्धा उठलाही होता.

नफीने सिराचा हात घट्ट धरला.

"बरा नाही," सिरा म्हणाली.

मुखिया तसाच ओणवा राहिला. "काय म्हणालीस?"

"जीव बरा नाही माझा."

"बसा आजोबा," नफी म्हणाली. "रीत आहे!"

जन्मभर ज्याने दुसऱ्यांना रीत शिकवली, तो ती मोडणार कशी? मुखिया कुरकुरत खाली बसला. सिरा बोलू लागली. बहीण माती मळायची, ती मडकी घडवायची. आता माती पुढ्यात घेतली, की तिला बहिणीचे हात दिसायचे.

मुखियाने आधी काठाला थांबलेल्या होडीकडे पाहिलं, मग आपल्या दुखऱ्या गुडघ्यांकडे आणि मग, पहिल्यांदाच, सिराकडे. होडीवाला वल्हं टाकून जवळ येऊन बसला. पाणी भरायला निघालेल्या बायकाही थांबल्या. ऊन डोक्यावर आलं, पण कुणी उठलं नाही.

सगळं सांगून झाल्यावर सिराने डोळे पुसले आणि विचारलं, "आजोबा, आणि तुमचा जीव?"

सवयीने मुखिया 'बरा' म्हणायला गेला, पण मध्येच त्याने मान हलवली. "माझी म्हातारी गेल्यापासून," तो हळूच म्हणाला, "माझ्यावर ओरडायला कुणी उरलं नाही गं."

"एवढंच ना? मी आहे की!" नफी म्हणाली.

सगळे खो-खो हसले. सिरासुद्धा.

होडी रिकामीच परतवली. सिरा काही एका दिवसात बरी झाली नाही. कधी ती रडे, कधी गप्प बसे. पण रोज कुणी ना कुणी तिच्याशेजारी बसून माती मळू लागलं. पहिलं मडकं तयार झालं, तेव्हा नफी नाक मुरडून म्हणाली, "वाकडं झालंय."

"माती कुणी मळली होती?" सिराने विचारलं आणि दुसरा गोळा तिच्यापुढे सरकवला.

तात्पर्य: 'कशी आहेस?' विचारायला तोंड पुरतं, उत्तर ऐकायला मात्र बूड टेकून बसावं लागतं. हे थोरांनी आधी शिकावं, मग पोरांना शिकवावं.