कुरणातलं पंक्चर

आमच्या चिपळूणच्या मृदुला खोत मोटारसायकलने किर्गिझस्तानात फिरत होत्या. एका कुरणात मागचं चाक पंक्चर झालं. ट्यूब पार फाटली होती आणि जवळची जादा ट्यूब आधीच वापरून झाली होती.

सहलीचे प्रमुख नाडकर्णी आपल्या ट्यूबलेस गाडीवर रेलून हसले. "संपली तुमची सहल! ट्रक घेऊन येतो. या मुलुखात घोडाच चालतो, मॅडम."

ते गेल्यावर मृदुलाताईंनी टायर उचकटला, कुरणातलं गवत कापून आत ठासून भरलं आणि टायर पुन्हा चढवला.

ट्रक घेऊन परतणाऱ्या नाडकर्णींना त्या समोरून ऐटीत, सावकाश गाडी हाकत येताना दिसल्या.

"अहो, ट्यूबशिवाय चालली कशी?"

"तुम्हीच म्हणालात ना, इथे घोडाच चालतो? मग मीही गाडीला पोटभर गवत घातलं!"