न कुटलेला खडा

मसाले बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. अश्विनातलं कडक ऊन पडलं तशी चंद्राक्काने मिरच्या, धने, खोबरं वाळवून, भाजून, कुटून वर्षाचा मसाला केला आणि बरणीत भरला. किडे लागू नयेत म्हणून त्यात एक हिंगाचा खडा खुपसला, तो मात्र अख्खाच.

कुटून पूड झाली तरी मिरचीचा ठसका गेला नव्हता. ती धन्यांना म्हणाली, "आपण सगळ्यांनी मुसळाचा मार खाल्ला. हा एकटाच कसा सुटला? कुणाचा तरी हेर असणार."

"बोलतही नाही गं कुणाशी," धने कुजबुजले.

मिरचीने त्याच्यावर पाळत ठेवली. पंधरा दिवसांनी पाहते तर खडा बारीक झालेला. "बघा! रोज थोडा थोडा सटकतोय मेला. आपल्या घरातलं कुणाला जाऊन सांगतो, देव जाणे!"

मग चमचा आत आला की मिरची खड्याला हळूच वर ढकलायची. एके दिवशी तो चमच्यात चढला आणि थेट आमटीत गेला.

"पीडा टळली," मिरची म्हणाली.

दिवाळी सरली. झाकण जरा तिरकं राहिलं होतं, तिथून एक किडा आत डोकावला आणि नाक मुरडून मागे सरला. "छे! इथे हिंग आहे."

"त्याला आम्ही कधीच हाकललं," मिरची तोऱ्यात म्हणाली.

"मग बाई, तुझ्या अंगाला हा वास कसला?"

मिरचीने स्वतःचाच वास घेतला. रोज थोडा थोडा सटकून तो मेला कुठे जात होता, ते तिला आत्ता कळलं.