दोन नळ आणि एक तहानलेले साहेब

मंगळवारी सकाळी अकरा वाजता बसस्थानकावर नव्या पाणपोईचं उद्घाटन होतं. भिंतीत शेजारी शेजारी दोन नळ होते. हिरवा पिण्याच्या पाण्याचा, लाल बागेसाठी शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा. त्यांवर अक्षर एकही नव्हतं, कारण अक्षरांनी भिंतीची शोभा जाते, असं उपायुक्त हेरंब पाटणकरांचं थोर मत होतं.

फलकांची रचना करणाऱ्या रोहिणी कसबेकर उठल्या. "साहेब, माझ्या बाबांना लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. ते रोज इथे बस बदलतात. अशा चार जणांना बोलवा, नळ ओळखायला सांगा, मगच नळ लोकांसाठी खुले करा."

"मॅडम, डोळे उघडे ठेवले की कळतं!" साहेबांनी हशा मिळवला. मग श्रोत्यांकडे वळून त्यांनी बागेचं पाणीसुद्धा किती नितळ आहे, यावर अर्धा तास भाषण दिलं. तेवढ्यात रोहिणीबाईंनी मागच्या भिंतीतल्या दोन्ही नळांवरून एकेक ग्लास भरून आणला आणि दोन्ही साहेबांसमोर ठेवले.

घसा कोरडा पडलेल्या साहेबांनी हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. "यातलं पिण्याचं कुठलं?"

"डोळे उघडे ठेवा साहेब, कळेल."

साहेबांनी दोन्ही ग्लास उन्हात धरून पाहिले. शेवटी ते चिडले. "अहो, असं कसं ओळखणार? लिहायला नको का कुठे?"

"कुठे लिहू? ग्लासवर, की नळावर?"

त्याच संध्याकाळी नळांवर ठळक अक्षरं आली, पण उपायुक्तांच्या कार्यालयातल्या. बसस्थानकावरचे नळ आजही कोरे आहेत आणि दोन्हींना पाणी चालू आहे.